बटणाला अर्थ कोण देतं? शॉर्टकट पाठ करण्याबरोबर बनवायलाही शिकवू या



संगणकाच्या तासाला आपण मुलांकडून सगळ्यात जास्त काय पाठ करून घेत असू, तर शॉर्टकटची यादी. कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट, कंट्रोल-पी म्हणजे प्रिंट. वहीत दोन रकाने आखायचे, डावीकडे बटणे, उजवीकडे काम, आणि चाचणीत "जोड्या लावा". मुलं पाढ्यासारखी यादी म्हणून दाखवतात, गुण मिळतात, धडा संपतो.

पाठांतराला माझा विरोध नाही. पाढे पाठ असलेले बरे, तसे हे आठ-दहा शॉर्टकटही हाताशी असलेले बरे. पण बे त्रिक सहा शिकवताना आपण मणी मांडतो, काड्या मोजतो, सहा कुठून आले ते दाखवतो. शॉर्टकट शिकवताना मात्र 'का' हा प्रश्न वर्गात येतच नाही. एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "कॉपीचा सी, प्रिंटचा पी, मग पेस्टला व्ही का?" आणि उत्तर मिळतं, "ते तसंच असतं."

तसंच नसतं. की-बोर्डच्या खालच्या ओळीत डावीकडे झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणे शेजारी शेजारी आहेत. डाव्या हाताची बोटे न हलवता तिथे पोहोचतात आणि उजवा हात माऊसवर राहतो. पूर्ववत करणे, कापणे, नक्कल घेणे आणि चिकटवणे ही सारखी लागणारी चार कामे म्हणून तिथे बसवली. १९८० च्या दशकात ॲपलच्या लिसा आणि मॅकिंटॉश संगणकांवर ही मांडणी आली आणि पुढे विंडोजवरही रुळली. म्हणजे कोणीतरी माणसांनी बसून विचार केला, सोय पाहिली आणि ठरवलं. जे माणसांनी ठरवलं ते माणसाला बदलताही येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सातवीच्या पुढच्या प्रत्येक मुलाने शाळेत असताना निदान एक शॉर्टकट स्वतः बनवलेला असावा. यादी पाठ करणारं मूल यंत्र वापरायला शिकतं. एक शॉर्टकट बनवलेलं मूल यंत्राच्या आत काहीतरी ठरवलेलं असतं आणि ते ठरवणाऱ्यांत आपणही असू शकतो, हे शिकतं. हा फरक मला फार मोठा वाटतो.

एक बटण, तीन अक्षरे

ही कल्पना आपल्या शिक्षकांना मुळीच नवी नाही. मराठीत प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या प्रत्येकाने ती अनुभवली आहे. इंग्रजीत 'के' लिहिलेलं बटण घ्या. साध्या स्थितीत ते दाबलं की इंग्रजी 'के' उमटतो. इनस्क्रिप्ट चालू केलं की तेच बटण 'क' देतं आणि शिफ्टसोबत दाबलं तर 'ख'. कृतिदेव फाँट निवडला तर त्याच बटणाने काना उमटतो. बटण तेच, बोट तेच, की-बोर्डवरचं छापील अक्षरही तेच. बदललं काय? मधला तक्ता.

वर्गात इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. फळ्यावर तीन चौकटी काढा. पहिल्या चौकटीत 'बटण', तिसऱ्या चौकटीत 'काम' आणि मधल्या चौकटीत 'तक्ता'. बटणाला स्वतःचा अर्थ नसतो, तो तक्ता देतो. शाळेच्या घंटेसारखंच आहे हे. एक टोला म्हणजे तास बदलला, लांबलचक घंटा म्हणजे शाळा सुटली. घंटेच्या पितळेत हा अर्थ कुठेही नाही, तो शाळेने ठरवलेला आहे. दुसऱ्या शाळेत दोन टोल्यांना तास बदलत असेल.

हा मधला तक्ता उघडून दाखवणारं आणि हात घालू देणारं साधन मिळालं तर धडा पक्का बसतो. असं साधन आहे, फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालतं आणि त्याचं वय बहुतेक शिक्षकांपेक्षा जास्त आहे. त्याचं नाव ईमॅक्स.

ईमॅक्स म्हणजे काय?

ईमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा, सुधारण्याचा प्रोग्राम आहे, म्हणजे टेक्स्ट एडिटर. नोटपॅडचा आजोबा म्हणा, पण भलताच कर्तबगार आजोबा. त्याचं वेगळेपण असं की त्यात प्रत्येक बटणामागे एक नाव असलेली आज्ञा असते. साधा 'के' दाबून अक्षर उमटवणं हीसुद्धा एक आज्ञाच. आणि कोणत्याही बटणाला "तू काय करतोस?" असं विचारता येतं.

विचारायचं कसं? कंट्रोल धरून एच दाबा, सोडा, मग के दाबा. आता ज्या बटणाबद्दल विचारायचं ते दाबा. समजा कंट्रोल-एस दाबलं, तर ईमॅक्स सांगतो की हे बटण पुढे शोध घेण्याची आज्ञा चालवतं, तिचं नाव काय आणि ती काय करते. मुलांना इथे धक्का बसतो. "सर, कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह ना?" इतरत्र हो. ईमॅक्समध्ये सेव्हसाठी कंट्रोल-एक्स आणि मग कंट्रोल-एस. ईमॅक्स आजच्या रुळलेल्या शॉर्टकटपेक्षा जुना आहे, म्हणून त्याचा तक्ता वेगळा. हा धक्का मला गैरसोय वाटत नाही. पाठ केलेली यादी म्हणजे एका गावचा रिवाज, सगळ्या जगाचा नव्हे, हे त्या एका क्षणात मुलांना कळतं.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८१ मध्ये ईमॅक्सवर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच त्याची तीन वैशिष्ट्ये सांगितली होती. वाढवता येणारा, आपल्या सोयीने बदलता येणारा आणि स्वतःची माहिती स्वतःच देणारा. शिक्षक म्हणून मला तिसरं सगळ्यात मोलाचं वाटतं. मूल मला विचारायच्या आधी यंत्रालाच विचारू शकतं.

स्वातंत्र्य आणि गोंधळ, दोन्ही एकाच वेळी

ईमॅक्सचा जन्म कसा झाला हे सांगायलाच हवं, कारण त्यात आपल्या वर्गासाठी मोठा धडा आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको नावाचा एडिटर वापरत. स्टॉलमन यांनी त्यात एक सोय घातली. कोणत्याही बटणाला आपण लिहिलेली आज्ञामालिका, म्हणजे मॅक्रो, जोडता येऊ लागली. मग काय, ज्याने त्याने आपापली बटणे बसवली. काही काळ सगळे खूश होते. लवकरच अडचण सुरू झाली. शेजाऱ्याच्या यंत्रावर मदतीला जावं, तर त्याची बटणे वेगळी. माझ्या यंत्रावर जे बटण ओळ पुढे नेतं, ते तुमच्या यंत्रावर भलतंच काही करायचं. शेवटी गाय स्टील यांनी १९७६ मध्ये हे वेगवेगळे संच एकत्र करायचं काम हाती घेतलं. डेव्हिड मून यांनी मदत केली, आणि पुढचं बरंचसं काम स्टॉलमन यांनी पूर्ण केलं. त्या एकत्र संचाचं नाव 'एडिटिंग मॅक्रोज' यावरून ईमॅक्स पडलं. आज आपण वापरतो तो ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये आला.

म्हणजे ज्या लोकांनी बटणे बदलण्याचं स्वातंत्र्य आणलं, त्यांनाच काही वर्षांत समान तक्त्याची गरज पटली. पण समान तक्ता करताना त्यांनी स्वातंत्र्य काढून घेतलं नाही. ईमॅक्समध्ये आजही एक संकेत पाळला जातो. कंट्रोल-सी आणि त्यापुढे कोणतंही एक अक्षर, तसंच एफ-५ ते एफ-९ ही बटणे वापरणाऱ्यासाठी राखून ठेवलेली आहेत. ईमॅक्ससाठी काही नवं लिहिणाऱ्यांनी त्या जागा घेऊ नयेत, असं त्याच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलं आहे. गावात सगळी जमीन वाटली तरी गायरान मोकळं ठेवतात, तसंच काहीसं. रस्ता सगळ्यांचा सारखा, अंगण ज्याचं त्याचं.

वर्गात शिस्त आणि मोकळीक यांचा मेळ घालताना आपण रोज हीच कसरत करतो. म्हणून ही गोष्ट मला संगणकाच्या तासापुरती वाटत नाही.

ज्यांना "आपल्याला जमणार नाही" असं वाटत होतं

दुसरी गोष्ट पालकांसाठी. १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स नावाच्या संगणकप्रणालीसाठी ईमॅक्सची एक आवृत्ती लिहिली. ती लिस्प या भाषेत होती आणि वापरणाऱ्यालाही त्याच भाषेत नव्या आज्ञा लिहिता येत. स्टॉलमन यांनी २००२ च्या एका भाषणात तिथला किस्सा सांगितला आहे. ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातल्या सेक्रेटरी महिलांच्या हाती एक पुस्तिका आली. आपल्या कामासाठी एडिटरमध्ये नवी सोय कशी करावी हे त्यात दाखवलं होतं. याला प्रोग्रामिंग म्हणतात, असं मात्र त्या पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे त्या घाबरल्या नाहीत. आपल्याला प्रोग्रामिंग जमणार नाही अशी त्यांची समजूत होती. पण पत्रांच्या, मजकुराच्या रोजच्या कामात उपयोगी पडतं म्हणून त्या करत गेल्या आणि करता करता प्रोग्रामिंग शिकल्या.

आपल्याकडे कोडिंगचे क्लास, कोडिंगच्या जाहिराती यांचा पूर आहे. आईवडील फी भरतात, मूल पडद्यावर मांजर उड्या मारायला लावतं, ठीक आहे. पण स्वतःचं एखादं कंटाळवाणं काम संपवण्यासाठी केलेलं छोटंसं कोडिंग जास्त खोल मुरतं, असं मला वाटतं. गरज आधी, शब्द नंतर. आपण उलटं करतो. आधी मोठे शब्द देतो आणि निम्मी मुलं "आपलं काम नाही" म्हणून मागच्या बाकावर सरकतात.

हजेरीच्या यादीवरचा एक धडा

आता प्रत्यक्ष वर्गात काय करायचं ते सांगतो. हजेरीपत्रकात नावे 'आडनाव, नाव, वडिलांचं नाव' अशा क्रमाने असतात. स्पर्धेच्या प्रमाणपत्रासाठी 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' असा क्रम हवा असतो. चाळीस नावांची यादी. एकेक आडनाव कापून शेवटी चिकटवायचं म्हणजे अर्धा तास गेला आणि बोटे दुखली.

पहिल्याच मिनिटाला मुलांना दोन गोष्टी सांगा. काहीही अडकलं तर कंट्रोल-जी दाबा, सुरू असलेलं काम थांबतं. काहीही बिघडलं तर कंट्रोल धरून तिरपी रेघ दाबा, केलेलं मागे जातं. ही दोन बटणे माहीत असली की भीती निम्मी होते.

मग पहिल्या नावाच्या ओळीवर या आणि एफ-३ दाबा. आता ईमॅक्स तुमचं प्रत्येक बटण टिपून घेत आहे. कंट्रोल-ए, ओळीच्या सुरुवातीला. ऑल्ट-डी, पहिला शब्द म्हणजे आडनाव कापलं. कंट्रोल-डी, उरलेली मोकळी जागा पुसली. कंट्रोल-ई, ओळीच्या शेवटी. एकदा स्पेस. कंट्रोल-वाय, कापलेलं आडनाव चिकटलं. कंट्रोल-एन, पुढच्या ओळीवर. आता एफ-४, टिपणं बंद.

पुन्हा एफ-४ दाबा. दुसरं नाव आपोआप फिरतं. आणखी एकदा, तिसरं. मग उरलेल्या सदतीस नावांसाठी कंट्रोल-यू, ३७ आणि एफ-४. डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी तयार.

मुलं टाळ्या वाजवतील, पण खरा धडा यानंतर आहे. यादीत मुद्दाम एक रिकामी ओळ ठेवा आणि पुन्हा करायला सांगा. रिकाम्या ओळीवर कापायला शब्दच नाही, म्हणून ईमॅक्स पुढच्या ओळीतलं आडनाव कापतो, आणि त्या मुलाचं आडनाव एकटंच वेगळ्या ओळीवर जाऊन पडतं. असं का झालं? मुलांना शोधू द्या. यंत्राने चूक केली नाही. "आडनाव कापून शेवटी टाक" असं आपण सांगितलंच नव्हतं, आपण फक्त सात बटणे सांगितली होती. आपल्या मनातलं काम आणि आपण प्रत्यक्ष दिलेली आज्ञा यांतला फरक समजावणारा यापेक्षा स्वस्त प्रयोग मला सुचत नाही. आडनावात दोन शब्द असतील तर काय होईल, हा पुढचा प्रश्न घरी विचार करायला द्या.

आता त्याला बटण द्या

टिपलेल्या कामाला कायमचं बटण हवं असेल तर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-के आणि मग बी दाबा. ईमॅक्स विचारतो, कोणत्या बटणाला जोडू? एफ-५ दाबा. झालं. एफ-५ आता 'आडनाव शेवटी' असं बटण झालं.

मुद्दाम कंट्रोल-एफ दाबून पाहायला सांगा. ते बटण आधीच पुढच्या अक्षरावर जाण्यासाठी वापरात आहे. ईमॅक्स लगेच सावध करतो की हे बटण अमुक आज्ञा चालवतं, तरीही जोडायचं का? या प्रश्नावर दोन मिनिटं थांबा. नवी जागा घेण्याआधी तिथे कोण राहतं ते विचारायचं, ही सवय इथे लागते.

अशी जोडणी ईमॅक्स बंद करेपर्यंतच टिकते. ती पुढेही हवी असेल तर सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवावी लागते. टिपलेल्या कामाला नाव दिलं, की ते काम लिस्प भाषेतल्या मजकुराच्या रूपात त्या फाइलमध्ये उतरवण्याची आज्ञाही ईमॅक्समध्ये आहे. मुलाने आपली बोटे चालवली आणि समोर प्रोग्राम लिहून आला. आता सांगा त्याला की हे प्रोग्रामिंग होतं. तोवर घाबरायची वेळ निघून गेलेली असते.

शंका आणि माझी उत्तरे

सहकाऱ्यांच्या मनात येतील अशा शंका मला रास्त वाटतात. त्यांची उत्तरे देतो.

"मुलांना आधी सगळीकडे चालणारे शॉर्टकट येऊ देत." मान्य. म्हणूनच मी सातवीपासून म्हणतो. पाचवी-सहावीत रुळलेली यादी हातात बसू द्या. प्रमाण भाषा आल्यावर बोलीतली गंमत जास्त कळते. पुढे कॉलेजात, नोकरीत दुसऱ्याच्या यंत्रावर बसावं लागणारच आहे. तिथे समान तक्ता लागतो, हे एमआयटीच्या लोकांनाही कळलं होतं.

"एका संगणकावर चार-पाच वर्ग बसतात. एकाने बटणे बदलली तर दुसऱ्याचा तास वाया." ही सर्वात खरी अडचण. पण वर सांगितल्याप्रमाणे फाइलमध्ये न लिहिलेला बदल ईमॅक्स बंद केला की जातो. तास संपताना सगळ्यांनी प्रोग्राम बंद करायचा, एवढा नियम पुरे. शिवाय कोणाचीही वैयक्तिक मांडणी न वाचता कोरा ईमॅक्स सुरू करण्याची सोय आहे. ज्यांना आपले बदल ठेवायचे आहेत त्यांनी आपली फाइल पेन-ड्राइव्हवर न्यावी. उलट, सामायिक वस्तू वापरून झाल्यावर होती तशी ठेवायची हा संस्कारही यातून होतो.

"सगळं इंग्रजीत आहे, मराठी माध्यमाच्या मुलांनी काय करायचं?" सूचना इंग्रजीत आहेत हे खरं. पण मजकूर मराठीत लिहिता येतो. २०२० मध्ये आलेल्या २७ व्या आवृत्तीपासून हार्फबझ या साधनामुळे जोडाक्षरांची मांडणी नीट होते. कंट्रोल धरून उलटी तिरपी रेघ दाबली की देवनागरी इनस्क्रिप्ट निवडता येतं, आणि कंट्रोलची बटणे पूर्वीसारखीच चालत राहतात. आज्ञांची पंधरा-वीस नावे लागतात. त्यांचे अर्थ मुलांनीच मराठीत लिहून भिंतीवर तक्ता लावावा. इंग्रजीच्या शिक्षकांनाही त्यात घ्या.

"आमच्याकडे ईमॅक्स बसवायची परवानगीच नाही." मग आहे त्यात करा. लिबरऑफिस रायटरमध्ये 'टूल्स' मेनूत 'कस्टमाइज' आहे, त्यात 'कीबोर्ड' नावाचं पान आहे. तिथेही डावी-उजवीकडे बटणे आणि आज्ञा यांचा तक्ता दिसतो आणि तो बदलता येतो. ईमॅक्सइतकं खोल जाता येत नाही, पण मधली चौकट डोळ्यांना दिसते. माझा आग्रह त्या चौकटीसाठी आहे, एका प्रोग्रामसाठी नाही.

"परीक्षेत हे येत नाही." आजच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही, पण शाळेच्या चाचणीचा प्रश्न आपणच काढतो. "जोड्या लावा" मधले दोन गुण कमी करून असा प्रश्न देता येईल : तुम्ही वारंवार करता असं एक काम निवडा. त्याला कोणतं बटण द्याल? त्या बटणावर आधी काय होतं? तुमच्या बदलामुळे कोणाची अडचण होईल का? या चार ओळींच्या उत्तरात मुलाचा विचार दिसतो. जोड्यांमध्ये फक्त स्मरण दिसतं.

ज्याचा हात वेगळा आहे त्याच्यासाठी

एक मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या वर्गात एखादं मूल असतं ज्याला दोन बटणे एकाच वेळी धरता येत नाहीत. एका हाताची बोटे नीट वळत नाहीत, किंवा एकच हात चालतो. त्याच्यासाठी "कंट्रोल धरून एस दाब" हे साधं वाक्यही अवघड आहे. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू केली, तर बटणे एकामागून एक दाबली तरी चालतात. एडिटरमध्ये सेव्ह एफ-६ ला आणि शोध एफ-७ ला जोडला, तर एका बोटाने काम होतं.

हे काम शिक्षकाने करून देण्यापेक्षा त्या मुलाने आणि त्याच्या बाकावरच्या मित्राने मिळून केलं तर? "तुला कोणतं बटण सोयीचं पडेल?" हा प्रश्न एका मुलाने दुसऱ्याला विचारणं, यात समावेशक शिक्षणाचा गाभा येतो. ज्या मुलाला आजवर यंत्राप्रमाणे वळावं लागलं, त्याच्यासाठी यंत्र वळलं. ते बदलता येतं हे कोणी सांगितलंच नसतं, तर दोष आपल्याच हाताचा आहे असं त्याला आयुष्यभर वाटत राहिलं असतं. "ते तसंच असतं" या उत्तराची खरी किंमत अशी मुलं मोजतात.

पालकांनी घरी काय करावं?

घरी संगणक नसला तरी हरकत नाही. अँड्रॉइड फोनवर जीबोर्ड कीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये वैयक्तिक शब्दकोश असतो. तिथे एखादा पूर्ण मजकूर आणि त्याचं छोटं रूप जोडून ठेवता येतं. छोटं रूप टाइप केलं की पूर्ण मजकूर सुचवला जातो. आजीला रोज लागणारं एखादं वाक्य, दुकानाचा पत्ता, गॅस-बुकिंगसाठी लागणारी ओळ, जे उपयोगी असेल ते मुलाकडून जोडून घ्या. तत्त्व तेच : खूण, तक्ता आणि काम. फक्त बँकेचे आकडे, आधार क्रमांक, पासवर्ड अशा गोष्टी तिथे ठेवायच्या नाहीत, हे त्याच वेळी सांगा.

आणि मुलाने विचारलं, "हे असंच का आहे?" तर उत्तर माहीत नसलं तरी चालेल. "चल, कुठे ठरवलंय ते शोधू" एवढं म्हणा.

शिक्षक मित्रहो, येत्या सत्रात चार तासिका यासाठी काढून पाहा. पहिल्या तासाला बटणांना प्रश्न विचारा, दुसऱ्याला हजेरीची यादी फिरवा, तिसऱ्याला प्रत्येकाने आपलं एक बटण बनवावं आणि चौथ्याला ते का बनवलं, कोणासाठी बनवलं हे वर्गासमोर सांगावं. पुस्तकातली शॉर्टकटची यादी त्यानंतरही तीच राहील. पण ती वाचताना मुलांना ठाऊक असेल की ही यादी माणसांनी केलेली आहे, आणि तिच्या खाली आपलीही एक ओळ लिहायला जागा आहे.